त्रेचाळीस अक्षरांचा ठसा

३ फेब्रुवारी, सोमवार

चि. चौकशीस,

अनेक आशीर्वाद. तुझं खरं नाव लिहायला माझा हात वळत नाही. सात वर्षांची असताना बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय औषध घेत नव्हतीस, तेव्हापासून माझ्यासाठी तू चौकशीच.

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. फोन केला नाही, कारण आमच्या पाणीपुरवठ्याच्या इमारतीतले आणि क्वार्टरमधले सगळे फोन एकाच बोर्डावरून जातात, आणि तो बोर्ड साहेबांच्या खोलीबाहेर आहे. मोबाईल मी बाळगत नाही, हे तुला माहीत आहे. त्यावरून आपलं एक भांडण होऊन गेलं आहे.

मुद्द्यावर येते. चार नंबरच्या पंपाच्या पाण्यात शिसं आहे. दोन वर्षं आहे. प्रयोगशाळेतलं यंत्र स्वतः मोजतं आणि आकडा स्वतःच माझ्या टेबलावरच्या संगणकात लिहितं, माझा हात मध्ये कुठे लागत नाही. मी तीनदा अहवाल वर पाठवला, तीनदा ‘दुरुस्तीसाठी परत’ आला. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, “बाई, यंत्र जुनं झालंय. आणि तुम्हीही.” सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

आता वरून चौकशी लागली आहे (तू नव्हे, खरी). १७ मार्चला सुनावणी आहे. तोवर हे आकडे जसेच्या तसे राहिले पाहिजेत. नाही राहिले तर पंप चालूच राहील, त्या बाजूची अकराशे घरं तेच पाणी पितील, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर मी खोटारडी म्हणून घरी जाईन.

तुझ्या अभिलेख केंद्राचं कामच प्रयोगशाळांच्या नोंदींच्या प्रती सांभाळण्याचं आहे ना? मग माझी एक प्रत सांभाळ. पण पाठवायची कशी? संगणकाची भोकं वरच्यांनी डिंक भरून बुजवली आहेत, पेनड्राइव्ह लागत नाही. ईमेल साहेबांच्या कार्यालयातून जातं. दुसरी वाट असेल तर सांग.

इथे कुणाला काही बोललेले नाही. आमचा तारवाला सोडला तर मला सगळ्यांचाच संशय येतो. तारवाला म्हणजे इमारतीतले सगळे संगणक एकमेकांना जोडून ठेवतो तो. भला माणूस आहे, माझी खुर्चीसुद्धा त्यानेच दुरुस्त करून दिली.

तुझी आत्या

ता. क. ‘येते, येते’ म्हणून चार वर्षं झाली. आठवण करून देते, दुसरं काही नाही.


६ फेब्रुवारी, गुरुवार

ती. आत्यास,

नमस्कार.

वाट आहे. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल नेणारी एक कमांड असते, तिला एससीपी म्हणतात. काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. फाईल कुलूपबंद होऊन निघते आणि आमच्या यंत्रावर उघडते. मध्ये कुणी वाचली तर त्याला नुसता कचरा दिसतो. ओळ सोबतच्या पहिल्या कागदावर आहे. तीत काहीही बदलू नकोस. रिकामी जागा सोडली आहे तिथे सोड, नाही तिथे सोडू नकोस.

कुलूप चांगलं आहे, पण दार भलत्याचंच असेल तर त्या कुलपाचा उपयोग नाही. म्हणून पहिल्यांदा जोडताना तुझा संगणक थांबेल आणि सांगेल की समोरच्या यंत्राला तो ओळखत नाही, त्याचा ठसा अमुक आहे, पुढे जाऊ का. ठसा म्हणजे त्रेचाळीस अक्षरं आणि अंक. अंगठ्याच्या ठशासारखा तो प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. आमच्या यंत्राचा ठसा दुसऱ्या कागदावर आहे. पडद्यावरचा त्याच्याशी ताडून बघ. सगळा बघ. लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघतात आणि पुढे जातात. एक अक्षर जरी वेगळं दिसलं तरी ‘नो’ लिही, थांब आणि मला कळव. सगळी जुळली तरच ‘येस’. त्यानंतर तो ठसा तुझा संगणक लक्षात ठेवतो आणि पुन्हा कधी विचारत नाही.

ठसा पत्राने पाठवते आहे, कारण संशय तारेवर आहे आणि तारेची खात्री तारेवरूनच करून घेण्यात अर्थ नाही. पासवर्डचा अर्धा भाग या पाकिटात आहे, अर्धा उद्याच्या.

तारवाल्याला संशयातून का वगळलंस? भला आहे, हे कारण पुरेसं नाही. खुर्ची तर अजिबातच नाही. त्याला यातलं काही सांगू नकोस. हे करशील तेव्हा खोलीत दुसरं कोणी नको.

येण्याबद्दल: सध्या सुट्टी नाही.

तुझी भाची


१८ फेब्रुवारी, मंगळवार

चि. चौकशीस,

काम फत्ते! आज दुपारी दार लावून बसले. तुझ्या ठशाचा कागद आधीच मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला होता, कारण तुझं अक्षर म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या. ओळ लिहिली, एंटर दाबलं, आणि खरोखरच तो थांबून विचारायला लागला. तुझ्यासारखाच आहे. मी ठसा अक्षर न् अक्षर ताडला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळली. मग ‘येस’. मग तुझा तो पासवर्ड. असला पासवर्ड तुलाच सुचू शकतो, लिहिताना जीभ चावली माझी.

आणि मग काय ते पळाले आकडे! चोवीस फायली, चोवीस महिन्यांच्या. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी स्वतःसाठी चहा केला आणि दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

आता १७ मार्च येऊ दे. साहेबांना म्हणावं, आणा तुमची दुरुस्ती.

पोचल्याचं कळव. आणि एखादं वाक्य कामाव्यतिरिक्त लिहिलंस तर बोटं झिजणार नाहीत.

तुझी आत्या


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ती. आत्यास,

नमस्कार.

तुझं १८ तारखेचं पत्र आज मिळालं. फायली पोचल्या आहेत, चोवीस. पण तू लिहिलंस ते आणि मला दिसतं ते, यांचा मेळ बसत नाही.

तू मंगळवारी चार दहाला पाठवल्या म्हणतेस. आमच्या नोंदीप्रमाणे त्या बुधवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी आल्या. मंगळवारी तुझ्या नावाने इथे कोणीही आलेलं नाही. या वाटेने यायला काही सेकंद लागतात, एकोणीस तास लागत नाहीत.

मी चोवीसही फायली उघडून बघितल्या. चार नंबरच्या पंपाच्या पाण्यात शिसं मर्यादेबाहेर एकदाही गेलेलं नाही. सगळ्यांत मोठा आकडा मर्यादेच्या निम्मा आहे.

याचा अर्थ काय होतो ते नीट लक्षात घे. या प्रती आता केंद्राच्या नोंदीत आहेत. सुनावणीत मागितल्या तर मला द्याव्या लागतील, आणि मी देईन. तुझ्या संगणकात वेगळे आकडे निघाले तर कोणीही विचारेल की तुझ्याच नावाने केंद्रात ठेवलेली प्रत स्वच्छ असताना तुझ्याकडचे आकडे कोणी आणि केव्हा चढवले.

मंगळवारी ठसा ताडताना खोलीत कोण होतं?

तुझी भाची


२४ फेब्रुवारी, सोमवार

कु. चौकशी अधिकारी, अभिलेख केंद्र यांस,

स. न. वि. वि.

आपले दिनांक २१ चे पत्र पावले. त्यावर निवेदन असे की फायली मंगळवारीच पाठवल्या. चार दहालाच पाठवल्या. माझ्या संगणकात शिसं होतं तिथेच आहे, आत्ता सकाळी परत बघितलं. आपल्याला ते दिसत नसेल तर चार नंबरचं पाणी बाटलीत भरून पाठवते, आपण प्यावं.

मला आकडे बदलायचे असते तर ते खाली आणायला बदलले असते आणि एव्हाना साहेब झाले असते. चढवून काय मिळालं? तीन वेळा परत आलेला अहवाल आणि भाचीचं असलं पत्र.

खोलीत कोणी नव्हतं.

आपली,
चढवलेल्या आकड्यांची आत्या


२७ फेब्रुवारी, गुरुवार

ती. आत्यास,

नमस्कार.

तू रागावणार हे माहीत होतं. तरी लिहिते.

खोलीत कोणी नव्हतं हे खरं नाही, किंवा तू ठसा ताडलाच नाहीस. तिसरी शक्यता नाही. तुला पाठवलेल्या ठशात तेविसावं अक्षर मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळणं अशक्य होतं.

केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी असाच ठसा देते. तो थांबून ‘एक अक्षर जुळत नाही’ म्हणाला तर त्याला खरा ठसा आणि प्रवेश मिळतो. ‘जुळलं’ म्हणाला तर नाही. तू थांबून पत्र लिहिशील आणि मी पुढच्या पत्रात खरा देईन, असं धरून चालले होते. तुझं पत्र वाचतानाच कळलं की तू थांबली नाहीस. बाकीचं मी त्यानंतर बघायला लागले.

अजून एक आहे. तुझी तिन्ही पत्रं समोर ठेवली आहेत. ३ फेब्रुवारीच्या पत्रात एका पानावर बावीस ओळी आहेत. १८ च्या पत्रात सतरा. २४ च्या पत्रात तेरा, आणि सगळ्या उजवीकडे खाली घसरत गेल्या आहेत. अक्षर तुझ्यासारखं आहे. तुझंच आहे की नाही, हे मला सांगता येत नाही.

हे पत्र दुसऱ्याच कोणाच्या हातात पडत असेल तर त्याने उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. आत्या वाचत असेल तर तिने लिहावं: मी सात वर्षांची होते तेव्हा त्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलं होतं?

तुझी भाची


३ मार्च, सोमवार

चि. चौकशीस,

‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा.’ मी एकदा हलवली. तू म्हणालीस, चांगलं म्हणजे किती? शेवटी मी चाळीस मोजले, तेव्हा कुठे तू तोंड उघडलंस. झालं समाधान?

अक्षर माझंच आहे, पण डोळे पूर्वीचे राहिले नाहीत. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे आणि डावा पिकला आहे. डॉक्टरीणबाई डिसेंबरपासून मागे लागल्या आहेत, या, काढून टाकू. मी म्हटलं सुनावणी होऊ दे. आधी कळलं तर साहेब तिथे उभे राहून एवढंच म्हणतील की या बाईंना समोरचा माणूस दिसत नाही, शिसं कुठून दिसलं? यंत्र स्वतः मोजतं हे कोण ऐकून घेणार! म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. तू लगेच माझे सगळे आकडे परत तपासायला घेतले असतेस.

आता मंगळवारचं खरं खरं लिहिते. दार लावलं होतं. कागदावरचं मला भिंगातून दिसत होतं. पडद्यावर भिंग धरलं तर नुसते रंगीत ठिपके. मी तशीच बसून होते, तेवढ्यात दारावर टकटक.

“मॅडम, आज लाईन जरा हळू आहे. तुमच्याकडे ठीक आहे ना?” तारवाला.

“ठीक आहे. बरं झालं आलास. एवढं जरा वाचून दाखव.”

“चष्मा बदला मॅडम.”

“नवाच आहे. पडद्याला धूळ किती बसलीय बघ. तुम्ही लोक पुसता कधी?”

तो हसला, माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि एकेक अक्षर वाचत गेला. मोठा क्यू, सात, लहान एम, असं. मी मोठ्या अक्षरांचा कागद समोर धरून प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत होते. एक चुकलं नाही. मग तो म्हणाला, “काय आहे हे मॅडम?” मी म्हटलं, “काही नाही रे, भाचीचं खूळ.” तो गेला आणि मी ‘येस’ लिहिलं.

तेविसावं चुकीचं होतं तर त्याने ते बरोबर कसं वाचलं, हे मला काही केल्या कळत नाही. बोट ठेवूनच होते गं मी. आणि हो, त्याच्या दोन दिवस आधी मी त्याला विचारलं होतं, आपल्याकडून अभिलेख केंद्राला जोडता येतं का म्हणून. एवढंच. कारण सांगितलं नाही.

आता माझं ऐक. तू माझी परीक्षा घेतलीस. माझी! तुझा बाप ‘उद्या येतो’ म्हणून जायचा आणि तू खिडकीत बसून राहायचीस, ते मी बघितलं आहे. तुझा स्वभाव कुठून आला हे मला कुणी सांगायला नको. पण त्या खिडकीतून तुला उचलून जेवायला कोण बसवायचं? मी कधी येते म्हणून आले नाही, असं झालं का? तेवढ्या एका माणसाला तरी खरा ठसा द्यायचास.

आत्या


६ मार्च, गुरुवार

ती. आत्यास,

त्याने पडद्यावरून वाचलंच नाही. तो तुझ्या मागे उभा होता आणि मोठ्या अक्षरांचा कागद तुझ्या हातात होता. त्याने तुझा कागद तुलाच वाचून दाखवला. म्हणून तेविसावंसुद्धा जुळलं. माझी चूकही त्याने जशीच्या तशी वाचली.

पडद्यावर दुसराच ठसा होता, बहुधा त्याच्या यंत्राचा. इमारतीतल्या तारा त्याच्या हातात आहेत. केंद्राचं नाव तू काढलंस तेव्हा त्याने केंद्राकडे जाणारी वाट स्वतःच्या यंत्राकडे वळवून ठेवली. मंगळवारी चार दहाला फायली त्याच्याकडे गेल्या, आणि तुझा पासवर्डही. बुधवारी सकाळी अकरापर्यंत त्याने आकडे खाली आणले आणि तुझ्याच पासवर्डने मला पाठवले. तुझ्या संगणकाला हात लावायची त्याला गरज नव्हती. बाहेरची प्रत स्वच्छ असली की तुझ्याकडची खोटी ठरते. मला तेच वाटलं. साहेबांनी ज्यांना पटवायचं त्यांना पटवण्याआधी त्यांनी मला पटवलं होतं.

आता माझ्याबद्दल. तो संगणक विचारतो तेव्हा ‘येस’ऐवजी ठसाच टाइप करता येतो. मग ताडायचं काम यंत्र करतं, डोळे लागत नाहीत, मागे कोण उभं आहे यानेही फरक पडत नाही. हे मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू स्वतः ताडतेस की नाही हे मला बघायचं होतं. खरा ठसा आणि ही युक्ती, दोन्ही पहिल्याच पत्रात दिलं असतं तर त्याचं दार उघडलंच नसतं. त्याने तुला फसवलं. पण त्याला जागा मी करून दिली.

हे दुरुस्त होऊ शकतं. तुझा संगणक ‘येस’ विसरलेला नाही. ज्या यंत्राला तू होकार दिलास त्याची ओळख त्याने त्याच दिवशी एका ओळीत लिहून ठेवली आहे. ती ओळ आमच्या यंत्राची नाही. ती ज्या यंत्राची निघेल, ते कोणाच्या खोलीत आहे एवढंच सुनावणीत दाखवायचं आहे. तू चुकून दिलेला होकारच पुरावा आहे.

म्हणून: संगणक बंद करू नकोस. काही टाइप करू नकोस. दुरुस्तीसाठी, सफाईसाठी, कशासाठीही कोणाला नेऊ देऊ नकोस. तारवाल्याशी नेहमीसारखी बोल.

मी १२ मार्चला, बुधवारी, सकाळच्या गाडीने येते. या वेळी तारीख लिहिली आहे.

तुझी भाची


८ मार्च, शनिवार

चि. चौकशीस,

घाईत. काल तुझं पत्र मिळालं आणि आज सकाळीच तारवाला साहेबांची चिठ्ठी घेऊन हजर. ‘संगणक तपासणीसाठी ताब्यात द्यावा.’ मी म्हटलं, तासाभराने ये, टेबल आवरते.

तो वळला आणि मी कपाटातली लाल पाटी काढून दारावर टांगली: ‘विषारी वायू. प्रवेश बंद.’ नियमच आहे, पाटी असताना माझ्या सहीशिवाय साहेबांनाही आत येता येत नाही. आतून कडी लावली. थोड्या वेळाने आला.

“मॅडम, वायू आहे तर तुम्ही आत कशा?”

“मला बत्तीस वर्षांची सवय आहे. तुला आहे का?”

“किती दिवस राहील?”

“या वायूचं काही सांगता येत नाही. बुधवारपर्यंत तरी.”

गेला. नेहमीसारखी बोलले, तू सांगितलंस तशी. जाता येता कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालते. हे पत्र क्वार्टरसमोरच्या पेटीत न टाकता मोठ्या पोस्टात टाकते आहे. तुझी लागण झाली मला.

बुधवारी ये. नाही आलीस तर मी खिडकीत बसणार नाही, एवढं लक्षात ठेव.

आत्या


२४ मार्च, सोमवार

चि. चौकशीस,

बुधवारी कबूल केल्याप्रमाणे आलीस खरी, पण सुनावणी संपली न संपली तोच गाडीला पळालीस. दोन घास खाल्ले असतेस तर गाडी काही निघून गेली नसती. मागे काय झालं ते आता ऐक.

तू उभी राहून वाचत होतीस तेव्हा तुला आजूबाजूचं भान नव्हतं. मला दिसत काही नव्हतं, पण कान चांगले आहेत. माझ्या संगणकातली ती ओळ तू वाचलीस, तोवर साहेब शेजारच्याशी कुजबुजत होते. मग सुनावणी घेणाऱ्या बाईंनी परवानगी दिली आणि तू इमारतीतल्या एकतीस यंत्रांना त्यांचे ठसे विचारलेस. पहिलं, नाही. दुसरं, नाही. असं एकेक. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. एकोणिसाव्याला तू ‘जुळलं’ म्हणालीस आणि साहेबांची कुजबुज बंद झाली. हे यंत्र कुठे असतं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तारवाल्याच्या खोलीतलं फायलींमागचं कपाट कोणी उघडायचं यावरच पाच मिनिटं गेली.

मूळ फायली त्याच यंत्रात सापडल्या. शिशासकट. त्याने पुसल्याही नव्हत्या. खुर्चीही त्याने अशीच दुरुस्त केली होती, महिन्याभरात परत डुगडुगायला लागली.

परवा निकाल आला. चार नंबरचा पंप बंद. त्या बाजूला टँकरने पाणी जातं आहे, पाइप बदलायला घेतले आहेत. साहेब रजेवर आहेत. कसली रजा ते कोणी बोलत नाही. तारवाला जाताना दारात थांबला.

“मॅडम, दिसत नाही हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.”

“बोलले असते तर तू पडद्यावरून वाचलं असतंस का?”

मला त्याचा राग आला असं म्हणवत नाही. हसतमुख होता गं. त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाला वाचायला सांगितलं असतं तर, असं मनात येतं. मग तुझं पत्र आठवतं आणि वाटतं, कुणालाच सांगायला नको होतं.

दोन एप्रिलला डावा डोळा. उजवा नंतर.

आत्या


१० एप्रिल, गुरुवार

ती. आत्यास,

नमस्कार.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. डोळा चांगला आहे म्हणाल्या. ‘चांगला’ म्हणजे किती, हे मी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला.

तुझ्या जुन्या प्रती केंद्राने रद्द केल्या आहेत. खऱ्या फायली नव्याने ठेवायच्या आहेत, आणि तू निवृत्त होण्याआधी त्या तुझ्याच हाताने आलेल्या बऱ्या. आमचं यंत्र बदललं आहे, म्हणून ठसा नवा आहे आणि तुझा संगणक पुन्हा विचारेल. सोबतच्या कागदावर तो मी मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. ‘येस’ लिहू नकोस, ठसाच टाइप कर.

यात मी एकही अक्षर मुद्दाम बदललेलं नाही. यापुढे तुझ्याबाबतीत बदलणार नाही. तू लिहिलंस ते बरोबर होतं. त्या खिडकीतून मला तूच उचलायचीस.

तुझी भाची


१५ एप्रिल, मंगळवार

चि. चौकशीस,

हे पान मोज. एकोणतीस ओळी. आता मुंग्या कोणाच्या ते सांग.

ठसा टाइप केला. संगणकाने परत विचारलं. पुन्हा टाइप केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोटाने दाबत गेले, तरी तेच. मग पडद्याकडे बघून माझ्या स्वतःच्या डोळ्याने ताडला. एकतिसावं अक्षर वेगळं आहे. पडद्यावर मोठा के आहे, तुझ्या कागदावर लहान.

कुणाला वाचायला बोलावलं नाही. ‘नो’ लिहून थांबले आहे.

आता तू खरं सांग. ही परीक्षा आहे, चूक आहे, की तारेवर पुन्हा कोणी बसलं आहे? नवा तारवाला चेहऱ्यावरून बरा वाटतो, पण बरा वाटतो हे कारण पुरेसं नाही, असं मला कोणीतरी शिकवलं आहे.

आत्या


१८ एप्रिल, शुक्रवार

ती. आत्यास,

चूक. माझीच. केंद्रातल्या कागदाशी ताडून बघितलं, तिथे एकतिसावं अक्षर मोठंच आहे. तुझ्यासाठी ठळक उतरवताना मोठ्या केचा लहान के झाला. असं माझ्याकडून याआधी झालेलं नाही, पण हे तुला खरं वाटावं असं मी आजवर काही केलेलं नाही, हेही मला कळतं.

दुरुस्त ठसा या पाकिटात घालून पाठवला असता. पण ज्या हाताने चूक लिहिली तोच हात दुरुस्ती लिहिणार, आणि तू परत एकटी बसून ताडणार. ते नको.

२६ तारखेला, शनिवारी, सकाळच्या गाडीने येते. चार दिवसांची रजा मंजूर झाली आहे, अर्जाची प्रत सोबत आहे. खरा ठसा आणते आणि तुझ्या हातात देते. कागद तू छातीशी धर, मला दाखवू नकोस. मी पडद्यासमोर बसून वाचेन, तू माझ्या मागे उभी राहा.

तुझी,
चौकशी